पाय कुठे आहेत?

परीक्षा, भरती, मुलाखत, निकाल... छातीत धडधड सुरू झाली की मन भलतीकडेच पळतं. त्याला माघारी आणायला पैसे लागत नाहीत, वेळही फारसा लागत नाही. लागते ती थोडी सवय.

सकाळचे पावणेसहा. तिसगावच्या स्टँडवर तुम्ही पाथर्डीहून येणाऱ्या नगर गाडीची वाट बघत उभे आहात. काखेत प्लास्टिकचं फोल्डर. त्यात हॉल तिकीट, आधार कार्डाची झेरॉक्स, दोन फोटो, दोन काळे बॉलपेन. चहावाल्यानं नुकतंच पातेलं चढवलंय. सगळं नीट चाललंय. आणि अचानक डोक्यात एक वाक्य येतं : गाडी आलीच नाही तर? त्याच्यामागे दुसरं. वाटेत पंक्चर झाली तर? सेंटरचं गेट बंद झालं तर? पेपर अवघड निघाला तर? याही वेळी झालं नाही, तर घरी काय सांगायचं?

गाडी अजून पाथर्डीतून निघालेलीसुद्धा नाही. पण तुमचं मन पेपर देऊन, निकाल बघून, नापास होऊन, गावात तोंड लपवत परत आलेलं असतं. त्याला ना तिकीट लागतं ना रस्ता.

शरीराला मात्र हे सगळं खरंच घडतंय असं वाटतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, पोटात गोळा येतो, तळहाताला घाम सुटतो. कधीकधी बोटांना मुंग्या येतात आणि ‘आपल्याला काहीतरी होतंय’ ही नवीनच भीती त्यावर चढते. दोस्तांनो, हे तुमच्या एकट्याच्या बाबतीत होत नाही. स्टँडवर फोल्डर घेऊन उभ्या असलेल्या बाकीच्यांना विचारा. फक्त कुणी बोलत नाही, एवढंच.

धोक्याची घंटा

हे का होतं, ते आधी समजून घेऊ. कारण समजलं की निम्मी भीती तिथंच कमी होते.

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो. धोका दिसला की घंटा वाजवायची, हे त्याचं एक मोठं काम. घंटा वाजली की ॲड्रेनालिन रक्तात येतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, स्नायू ताठ होतात. लढा किंवा पळा, यासाठी शरीराची ही तयारी. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शास्त्रज्ञानं शंभर वर्षांपूर्वीच ती मांडून ठेवली आहे. उसाच्या फडात समोर बिबट्या आला, तर हीच यंत्रणा तुम्हाला वाचवेल. अडचण अशी, की बिबट्या आणि प्रश्नपत्रिका यातला फरक तिला लगेच कळत नाही. आणि प्रश्नपत्रिकेपुढून पळूनही जाता येत नाही, तिच्याशी कुस्तीही खेळता येत नाही. मग अंगात आलेली ती सगळी ताकद आतल्या आत घुमत राहते.

मुंग्यांचं कारणही साधं आहे. घाबरल्यावर आपण भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो आणि बोटं, ओठ बधिर वाटतात, डोकं हलकं होतं. श्वास सावकाश झाला की तेही ओसरतं. घाबरण्याची तीव्र लाट सहसा काही मिनिटांत शिगेला पोचते आणि मग उतरायला लागते. ती कायम वर राहत नाही. हे एवढं वाक्य पाठ करून ठेवलं तरी चालेल.

मोटारीला असतं, तसं अर्थिंग

तुमच्या शेतात विहिरीवर मोटार असेल, तर स्टार्टरच्या पेटीजवळ अर्थिंगचा खड्डा पाहिला असेल. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी आणि जमिनीत गेलेली वायर. अर्थिंगमुळे वीज बंद होत नाही. मोटार चालूच राहते. पण फाजील करंट आला, तर तो पेटीला हात लावणाऱ्या माणसातून न जाता जमिनीत जातो.

मनाच्या बाबतीत याच कामाला ‘ग्राउंडिंग’ म्हणतात. नावावर जाऊ नका. अनवाणी चाललं की अंगातली वीज जमिनीत उतरते आणि रोग बरे होतात, असे व्हिडिओ फिरत असतात, त्यांच्याशी याचा संबंध नाही. इथे अर्थिंग ही फक्त उपमा आहे. मुद्दा साधा आहे : मन उद्यात जाऊ शकतं, पण डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी उद्यात जाऊ शकत नाहीत. उद्याच्या पेपरचा वास तुम्हाला आज घेता येत नाही. पाचही इंद्रियं कायम ‘आत्ता’ आणि ‘इथं’ असतात. म्हणून भरकटलेल्या मनाला माघारी आणायचं, तर ‘विचार करू नको’ असं ओरडून उपयोग नसतो. त्याला इंद्रियांच्या हाती सोपवायचं.

हे कुणा बुवाचं गुपित नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली ताणाच्या काळात काय करावं यावर एक सचित्र पुस्तिका काढली. तिच्यातलं पहिलंच तंत्र ग्राउंडिंगचं आहे. त्या पुस्तिकेवर आधारलेला कार्यक्रम दक्षिण सुदानमधलं युद्ध सोडून युगांडाच्या छावणीत आलेल्या निर्वासित बायकांबरोबर करून पाहिला होता आणि त्यांचा मानसिक त्रास कमी झाल्याचं दिसलं. घर, शेत, माणसं गमावलेल्या बायकांना ज्याचा आधार झाला, ते आपणही करून बघायला हरकत नाही.

चला तर मग. गाडी आली. तिसगाव ते नगर हाच आपला वर्ग.

स्टँडवर : पाय

पहिला प्रश्न स्वतःलाच विचारायचा, पाय कुठे आहेत? हसू नका. खरंच विचारा. मन नगरच्या सेंटरवर असेल, निकालाच्या दिवशी असेल, पण पाय तिसगावच्या स्टँडवर आहेत. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकवा. टाचा दाबा. मग बोटं दाबा. चपलेच्या आतून जमीन कशी लागते बघा. कडक? खडबडीत? एखादा खडा टोचतोय? वजन डाव्या पायावर जास्त आहे की उजव्या? पाच-सहा श्वास एवढंच करा.

यात चमत्कार होत नाही. धडधड लगेच थांबतही नाही. पण मनात जी ‘तर... तर... तर...’ची रांग लागली होती, तिच्यात एक फट पडते. आपल्याला तेवढी फटच हवी असते.

गाडीत : पाच, चार, तीन, दोन, एक

खिडकीची जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तरी हे उभ्यानं करता येतं. आता एकेक इंद्रिय कामाला लावायचं.

पाच गोष्टी बघा आणि मनात त्यांची नावं घ्या. समोरच्या सीटचं फाटलेलं रेक्झिन. काचेवरचा चिखल. पुढच्या आजोबांची टोपी. कंडक्टरच्या खांद्यावरची कातडी बॅग. आणि लाल गाडीत लहानपणापासून वाचत आलोय ती पाटी, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’.

चार गोष्टींना स्पर्श करा. समोरचा गार दांडा, मांडीवरचं गुळगुळीत फोल्डर, स्वतःच्या शर्टाचं बटण, खिडकीतून गालाला लागणारा वारा.

तीन आवाज ऐका. इंजिनाची घरघर, तिकीट मशिनची कटकट, मागच्या सीटवर मोबाइलवर कुणीतरी मोठ्यानं बोलतंय ते.

दोन वास घ्या. डिझेलचा एक. दुसरा कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीच्या जुडीचा.

एक चव. सकाळच्या चहाची जिभेवर राहिलेली, नाहीतर खिशातली बडीशेप. आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाच्या हातात आधी गूळ-पाणी देतात, मगच काय झालं ते विचारतात. त्यामागचं शहाणपणही हेच असावं. आधी माणूस ठिकाणावर येऊ दे, मग बोलू.

आकडे चुकले तर काही बिघडत नाही. चारऐवजी तीनच सापडले, चालतंय. ही परीक्षा नाही. फक्त ‘छान’, ‘वाईट’ असे शेरे मारू नका. ‘निळी पिशवी, पट्टा तुटलेला’ असं तलाठी पंचनामा करतो तसं कोरडं बघा. पंचनाम्यात जर-तर नसतं.

घाटात : श्वास

करंजी मागे पडली की घाट. इथे ड्रायव्हरकडे लक्ष द्या. वळणावर तो नुसता कचकन ब्रेक दाबत नाही. आधी गिअर खाली घेतो, गाडी आपोआप हळू होते. शरीराचा गिअर म्हणजे श्वास. हृदयाचे ठोके आपल्या हुकमानं कमी होत नाहीत, पण श्वास आपल्या हातात असतो आणि त्याच्यामागे ठोके येतात.

नाकानं चार मोजेपर्यंत श्वास घ्या. सहा मोजेपर्यंत सोडा. सोडायचा वेळ घ्यायच्या वेळेपेक्षा जास्त, एवढंच सूत्र. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, म्हणून हा लांब उच्छ्वास कामी येतो. दुसरा प्रकार असा : नाकानं श्वास घ्या, भरला असं वाटल्यावर वरून आणखी एक छोटा घोट घ्या आणि मग तोंडानं सावकाश सोडून द्या. रडून झाल्यावर लहान मूल जसा उसासा टाकतं, तसाच. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना महिनाभर रोज पाच मिनिटं हे करायला लावलं. त्या अभ्यासातल्या इतर पद्धतींपेक्षा या उसाशांनी लोकांना जास्त बरं वाटलं होतं.

आपल्या भागाला हे तसं नवं नाही. तिसगावपासून जवळच मढी आहे, कानिफनाथांचं स्थान. रंगपंचमीच्या यात्रेला आपण सगळेच गेलेलो असतो. नाथपंथ हा योगाचा पंथ. श्वास आणि मन एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे या परंपरेला कित्येक शतकांपासून ठाऊक आहे.

एक सूचना. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच घाबरायला होतं. तुम्ही त्यातले असाल तर श्वास सोडून द्या आणि सरळ पायांवर, नाहीतर ‘पाच-चार-तीन’वर या. दाराला दोन कड्या असतात, एक लागली नाही तर दुसरी लावायची.

डोंगरावरची इमारत

नगर जवळ आलं की शहा डोंगरावरची ती इमारत दिसते. आपण तिला चांदबीबी महाल म्हणतो. खरं तर ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची कबर आहे. आजवर शंभरदा तुम्ही तिच्यासमोरून गेला असाल. तिला मजले किती? बाजू किती? कमानी कशा आहेत? आज बघाच. (उत्तर इथेच देऊन टाकतो : मजले तीन, आणि ती अष्टकोनी आहे.) एखादी ठरलेली वस्तू अशी रोज बारकाईनं बघायची सवय लावली, की ती तुमची खूण होते. ती दिसली की मन आपोआप ‘आत्ता’कडे वळतं. कुणाची खूण वेशीजवळचं झाड असेल, कुणाची हातातलं कडं. कडं बरं, ते हॉलमध्येही बरोबर येतं.

हॉलमध्ये : मुठी आणि नाव

पेपर हातात आला आणि अक्षरं पळायला लागली, तर दोन गोष्टी करा. बाकाखाली दोन्ही मुठी घट्ट आवळा, पाच मोजा, आणि सोडून द्या. खांदे कानापर्यंत उचला, पाच मोजा, सोडा. ताणलेला स्नायू आधी आणखी ताणून मग सोडला की तो जास्त सैल होतो. एडमंड जेकबसन या डॉक्टरनं १९२९ साली स्नायू शिथिल करण्याच्या पद्धतीवर पुस्तकच लिहिलं होतं. शेजारच्याला कळतही नाही तुम्ही काय करताय ते.

दुसरं, जे होतंय त्याला नाव द्या. मनातल्या मनात म्हणा, ‘ही भीती आहे. छातीत धडधडतंय.’ बस्. ‘मी घाबरट आहे’ असं नाही, ‘आत्ता भीती आलीय’ असं. भावनेला शब्दात पकडलं की अमिग्डलाची घंटा मंदावते, हे मेंदूच्या तपासण्यांमध्ये दिसून आलेलं आहे.

माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सेंटरवर माझ्यासमोरची प्रश्नपत्रिका अशीच पोहायला लागली. एक ओळ वाचता येईना. बाकावर कुणीतरी करकटकानं स्वतःचं नाव कोरलं होतं. मी ते बोटानं चाचपत राहिलो. कुठली रेघ खोल, कुठली उथळ, काना कुठे सुटलाय. दोन-तीन मिनिटांनी वर बघितलं तर पहिला प्रश्न नीट दिसत होता. याला ग्राउंडिंग म्हणतात, हे तेव्हा माहीत नव्हतं. त्या परीक्षेत माझी निवड झाली नाही, हेही सांगून टाकतो. पण पेपर मी शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवला. अर्धवट उठून आलो नाही. त्या अनोळखी पोराचे, किंवा पोरीचे, मी आजही आभार मानतो.

खड्ड्यात पाणी टाकायला विसरू नका

उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की वायरमन सांगतो, पाणी टाकत जा. इथेही तसंच. पेपरच्या दिवशी पहिल्यांदा हे करायला गेलात तर आठवणारच नाही. म्हणून बरं वाटत असतानाच सराव करा. दात घासताना पाय जमिनीला टेकवा. भाकरीचा पहिला घास चावताना चव बघा. दुपारी अभ्यासिकेत पुस्तक मिटलं की मोबाइल उघडण्याआधी तीन आवाज ऐका. दिवसाला पाच मिनिटं झाली तरी पुष्कळ.

रात्री दोन वाजता जाग येऊन पत्र्याकडे बघत पडण्याची सवय अनेकांना आहे. त्या वेळी मोबाइल हातात घेतला की मन आणखी लांब जातं, म्हणून तो उशाशी नकोच. उठून तोंडावर गार पाणी मारा. गोधडीची शिवण बोटानं मोजत जा. तरीही विचार हटत नसेल तर वहीत एका ओळीत लिहा आणि खाली लिहा, ‘सकाळी बघू.’

मित्र घाबरला असेल तर ‘टेन्शन घेऊ नको रे’ हे वाक्य खिशात ठेवा. त्यानं कुणाचं टेन्शन गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. त्याच्याशेजारी बसा. पाणी द्या. हळू आवाजात विचारा, ‘पाय जमिनीला लागलेत का? समोर काय काय दिसतंय, सांग बरं.’ मैत्रीण असेल तर हात धरण्याआधी ‘धरू का?’ विचारा. उपदेश नंतरही करता येतो.

वायरमन कधी बोलवायचा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमची भीती खोटी आहे, असं मी म्हणत नाही. आपल्या तालुक्यात पाऊस दगा देतो. कितीतरी जणांचे आई-वडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्यावर जातात आणि उन्हाळ्यात परततात. त्यांनी पाठवलेल्या पैशातून क्लासची फी भरलेली असते. जागा थोड्या, अर्ज ढीगभर, आणि वय थांबत नाही. पाय जमिनीवर टेकवल्यानं यातलं काहीही बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की भीतीच्या लाटेत असताना जे सुचत नव्हतं ते पुढचं पाऊल सुचायला लागतं. प्रश्न वाचता येतो. घरी फोन करून ‘अवघड गेला’ असं खरं सांगता येतं.

आणि जळालेली वायर अर्थिंगनं जोडली जात नाही. तिथे वायरमनच लागतो. घाबरण्याचे झटके वारंवार येत असतील, झोप आणि भूक दोन-तीन आठवडे उडाली असेल, घराबाहेर पडणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. छातीत दुखून हात, जबडा भरून येत असेल, तर ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसू नका, आधी दवाखाना. आणि जगणंच नको असं मनात आलं, तर एक मिनिटही एकटं राहू नका. जवळच्या माणसाला सांगा आणि १४४१६ हा नंबर फिरवा. केंद्र सरकारची ही ‘टेली मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. स्वतःला लागला नाही, तर कुणाला तरी लागेल.

पेपर सुटला. संध्याकाळची गाडी. पुन्हा घाट, पुन्हा करंजी. खिडकीतून अंधार पळतोय आणि मन लगेच निकालाच्या तारखेकडे निघालंय. जाऊ द्या, जाणारच ते. त्याची ती खोडच आहे. फक्त तिसगावला उतरताना पायरीवरून पहिला पाय खाली टेकला, की एकदा स्वतःला विचारा.

पाय कुठे आहेत?

गावात. घरची वाट इथूनच सुरू होते.